तिसऱ्या रांगेतलं पोरगं

गुरुवार, ४ डिसेंबर २०२५. हॉटेल, दुसरा मजला. घरी वाळवीचं औषध मारायला सुरुवात; कपाटं अंगणात काढली. झोप बरी लागली. धवलचा बंगळुरूहून फोन, अदितीला सर्दी. आक्का दूध घेऊन इथेच आली, खाली काउंटरवरच्या मुलीशी वाद. नाश्त्याला पोहे, तेल जास्त. अदितीचा नाच मोठ्या टीव्हीवर पाहिला. आक्कानेही उभ्याउभ्या पाहिला आणि गप्पा न मारता गेली. हे तिचं नेहमीचं नाही.

डायरीत मी एवढंच लिहिते. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर सांगत, काय घडलं ते वहीत लिहा, काय वाटलं ते देवाला सांगा. अठ्ठ्याहत्तरी आली तरी ती शिस्त सुटलेली नाही. पण आक्कापुढे ही शिस्त कमी पडते, म्हणून हे वेगळ्या कागदावर.

आक्का म्हणजे चिमणाबाई, गडमुडशिंगीची. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी पंचवीसेक वर्षं तिच्या म्हशींचं दूध येतं. तिचं माहेर गडहिंग्लजच्याही पलीकडे, कर्नाटकाला टेकलेलं. आईला ती अव्वा म्हणते, आणि रागावली की पहिले दोन शब्द कानडी येतात, मग मराठी सुरू होतं. आमच्याकडच्या बायकांसारखी तीही स्वतःला ‘मी येतो, मी करतो’ म्हणते. मीही घरात तसंच बोलते. कागदावर मात्र सिस्टरांचा धाक अजून आहे.

लग्न होऊन ती आली तेव्हा गोठ्यात एक म्हैस होती. आता पाच आहेत. नवरा केरबा गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत आहे. तो रात्रपाळी करून घरी येतो तोवर आक्काच्या धारा, शेण, वैरण सगळं उरकलेलं असतं. मग तो मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी किटल्या अडकवतो, ती मागे बसते, आणि दोघं शहरात दूध घालायला येतात. गाडी चालवणारा केरबा, पण गाडी कुठे वळायची ते आक्का मागून सांगते. माझे यजमान त्र्यंबकराव पाटबंधारे खात्यात होते. ते म्हणायचे, “ही बाई आमच्या खात्यात असती तर निम्मी धरणं वेळेत झाली असती.”

ते गेले तेव्हा मी तिला म्हटलं होतं, आता दूध निम्मं घाल. तिने ऐकलं नाही. “येनारं-जानारं असतंय,” म्हणून मापात काही बदल केला नाही. पुढे बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी तिने आपणहून अर्धंच माप पातेल्यात ओतलं आणि म्हणाली, “आता बास हुतंय, न्हवं?” मी हो म्हटलं. कधी कमी करायचं हे मला कळलं नसतं.

तर वाळवीच्या औषधाचा वास माझ्या छातीला चालणार नाही म्हणून माझ्या मुलाने, धवलने, मला या हॉटेलात आणून ठेवलं आणि तो परत बंगळुरूला गेला. जाऊबाईंकडे गेले असते, पण त्यांच्याकडे दिवसभर मालिका चालतात. आक्काला मी आधीच सांगून टाकलं होतं की घर उघडेपर्यंत दूध नको. गुरुवारी सकाळी लिफ्टमधून खाली उतरले तर ती किटली घेऊन काउंटरसमोर उभी. काउंटरवरच्या मुलीच्या छातीवर ‘मोना’ अशी पट्टी होती.

“मावशी, बाहेरचे खाद्यपदार्थ वर नेता येत नाहीत,” मोना सांगत होती.

“दूध हाय. खाद्यपदार्थ न्हाय.”

“तेच ते.”

“तेच कसं? तुमी हितं चहा कशाचा करताय, पावडरीचा? आमच्या बाईंना पावडर सोसत न्हाय. पोट धरून बसल्या की तुमीच डॉक्टर हुडकत हिंडशीला.”

“आक्का,” मी म्हटलं, “दूध नको म्हणून सांगितलं होतं ना?”

“सांगिटलंसा की. मी ऐकलो न्हाय. रतीब मोडला की म्हस बी आटती आन् गिऱ्हाईक बी.”

मोनाला हसू आलं आणि तिथे ती हरली. दूध खालच्या स्वयंपाकघरात तापवून थर्मासमध्ये वर पाठवायचं ठरलं. बाई राहतात ती खोली बघतो, म्हणून आक्का माझ्याबरोबर वर आली. पलंग दाबून पाहिला, पडदा ओढून पाहिला, आणि मग भिंतीवरच्या टीव्हीसमोर थांबली. तिथे अदितीचा नाच चालू होता.

ही धवलची करामत. त्याने टीव्हीच्या मागे बोटाएवढी एक कांडी खोचून दिली होती. हॉटेलच्या रिमोटवर त्यासाठी लागणारं बटण नसतं, ते टीव्हीच्या खालच्या कडेला हाताने चाचपून शोधावं लागतं. मग माझ्या फोनचं नेट चालू करायचं, म्हणजे फोनमध्ये जे असेल ते भिंतीवर दिसतं. त्याने माझ्याकडून ते पुन्हापुन्हा करून घेतलं, लहानपणी मी त्याच्याकडून पाढे करून घेत असे तसं. घरचा आमचा टीव्ही जुना. नातीला एवढी मोठी मी तिच्या कार्यक्रमालाही पाहिली नव्हती. सभागृहात शेवटून दुसऱ्या ओळीत जागा मिळाली होती.

“ह्यात मोबाईलमधलं दिसतंय व्हय?” आक्काने विचारलं.

“दिसतं.”

“डोळ्यातलं काजळ बी दिसतंय की.”

एवढं बोलून ती किटली उचलून गेली.

शुक्रवारी ती आली ती सरळ वर. थर्मासचं, दुधाचं नाव नाही. दार लोटून घेतलं आणि खुर्चीच्या कडेवर बसली. पंचवीस वर्षांत ती माझ्या घरात कधी अशी बस म्हटल्याशिवाय बसलेली नाही.

“बाई, एक काम हुतं. कुनाला बोलायचं न्हाय.”

“बोल.”

“मला माझा पोरगा दिसला न्हाय.”

विश्वजित हा तिचा एकुलता. सैन्यात भरती झाला, जबलपूरला प्रशिक्षण घेत होता, हे मला माहीत होतं. भरती झाली त्या दिवशी तिने रतिबाच्या सगळ्या घरी पेढे वाटले होते. प्रशिक्षण संपलं की शपथ घ्यायची परेड असते, पोरं तिला कसम परेड म्हणतात. आईबापांना बोलावणं असतं. दोघांनीही जायचं ठरवलं होतं. अडचण फक्त तानीची होती.

तानी ही पाचांतली सगळ्यात दुधाळ म्हैस आणि सगळ्यात हट्टी. आक्काशिवाय कुणी कासेला हात लावला की पान्हा चोरते. दुसऱ्या चौघी शेजारीण पिळेल, पण तानीचं काय? मग दोघांनी तालीम धरली. केरबाने आक्काचं जुनं लुगडं नेसायचं, डोक्यावरून पदर घ्यायचा आणि तानीच्या शेजारी बसायचं. शेजारीण तानीच्या लाथेला भ्यायची; केरबाला जमलं असतं तर मग तिनेही तेच लुगडं नेसून बसायचं ठरलं होतं.

“पैल्या दिवशी फसली बाई ती. वास घेटला, पान्हा सोडला. मला वाटलं, झालं, आता गाडीत बसतो. तवर ह्यास्नी खोकला आला. तानीनं अशी मान वळवून बघिटलं, आन् लाथ. किटली तिकडं, ह्ये तिकडं, लुगडं मधी.”

“मग?”

“मग काय. परत जवळ बी येऊ दिलं न्हाय. म्हटलं, तुमी जावा. मी ऱ्हातो.”

केरबा एकटा गेला आणि परेडचा व्हिडिओ काढून आला. आल्या-आल्या अंगणात बसून त्याने तो तिला दाखवला. फोनच्या पडद्यावर मैदान, मैदानावर मुलं, सगळ्यांचे कपडे सारखे, टोप्या सारख्या, डोकी भादरलेली. “त्यो बघ, तिसऱ्या रांगेत,” म्हणून केरबाने बोट ठेवलं.

“बोट ठेवलं की पोरगं बोटाखाली, बाई. आन् बोट उचललं की कुटलं हुतं ते कळंना. तीनदा इचारलो. चौथ्यांदा ह्यांचं तोंड बघिटलं आन् म्हटलं, दिसला, दिसला. जनरलच्या डब्यातनं उभं ऱ्हाऊन गेलतं हो त्ये. माझ्यासाठनं काढून आनलंय.”

त्यानंतर तिने गल्लीला सांगितलं, दिसला. माहेरी फोन करून अव्वाला सांगितलं, दिसला. विश्वजितने स्वतः फोनवर विचारलं, आई, कसा दिसलो? ती म्हणाली, झ्याक. आणि आता शनिवारी तो सुट्टीवर घरी येणार होता.

“फोनवर खोटं निगतंय तोंडातनं. त्यो म्होरं बसून इचारंल की. गल्लीतल्या सगळ्या बायका जमतील आन् त्यांच्यादेखत इचारंल, आई, मी कुठं हुतो सांग. मी काय सांगू? माझं पोरगं मलाच वळकू आलं न्हाय म्हनू?”

गल्लीत शेजाऱ्यांकडे मोठा टीव्ही आहे. पण तिथे जाऊन बघायचं म्हणजे न दिसल्याचं कबूल करायचं. काल अदितीच्या डोळ्यांतलं काजळ पाहिलं आणि रात्रभर तिला तेच.

केरबाने व्हिडिओ तिच्या फोनवरही धाडला होता; त्या फोनची काच तडकलेली. त्यावरून व्हिडिओ मी माझ्या फोनवर घेतला, खालचं बटण चाचपलं आणि भिंतीवर लावला. आक्का पदर सावरून टीव्हीसमोर उभी राहिली.

मैदान आलं. मुलंही आली. पण चेहरे नव्हते. प्रत्येक टोपीखाली पिठाच्या गोळ्यासारखं काहीतरी होतं आणि ते हललं की पसरत होतं. चित्र मोठं झालं, स्पष्ट झालं नाही.

“हे तर आनखी वंगाळ,” आक्का म्हणाली.

धवलने हेही मला एकदा सांगितलं होतं. फोनवरून एकाने दुसऱ्याला व्हिडिओ धाडला की वाटेत तो बारीक होतो, पातळ दुधासारखा. मूळचा घट्ट व्हिडिओ ज्याने काढला त्याच्याच फोनमध्ये राहतो. मी तिला ते तसंच सांगितलं. दुधाची गोष्ट तिला लगेच कळली.

“म्हंजे ह्यांच्या फोनात हाय.”

“हो.”

“मग ह्यास्नी सांगाय लागंल.”

ती खिडकीशी गेली. खाली केरबा मोटारसायकलचं सीट फडक्याने पुसत होता.

“नगं बाई. जाऊ दे.”

“आक्का, आज केरबाला सांगायचं सोपं, की उद्या विश्वजितला?”

“तुमी लई वंगाळ इचारताय,” ती म्हणाली, आणि फोन लावला. “वर या... न्हाय, काय सांडलं न्हाय... बाईंच्या खोलीत. या म्हनतोय न्हवं.”

केरबा जिन्याने आला, दोन्ही किटल्या हातात घेऊन, कारण रस्त्यावर सोडायला जीव झाला नाही. चपला दाराबाहेर काढल्या. बसा म्हटलं तर पलंगाची पांढरी चादर पाहून उभाच राहिला.

“आवो,” आक्का म्हणाली, “मला विश्वा दिसला न्हाय.”

“कुठं?”

“व्हिडोत. एकदाबी न्हाय.”

“मग दिसला-दिसला म्हनत हुतीस त्ये?”

“तुमचं बोट दिसत हुतं.”

केरबाने किटल्या खाली ठेवल्या. मला वाटलं, आता आवाज चढणार. कोल्हापुरात नवराबायकोचं साधं बोलणंही शेजारी ऐकू जातं. पण तो खाली बघत म्हणाला, “मला तरी कुठं दिसला हुता.”

आक्का त्याच्याकडे बघतच राहिली.

“लांब बसवलंतं, उनात. सगळी पोरं एका साच्यातनं काढल्यागत. आमच्या फौंड्रीत बी इतकं सारखं निगत न्हाय. मी आपला फोन धरला आन् म्हटलं, असंल ह्यातच कुठंतरी. परेड सुटल्यावर त्यो पळत आला तवा कळलं, हाय.”

“मग तिसरी रांग कुठनं आनलासा?”

“शेजारी एक पावणं बसलंतं साताऱ्याकडचं. त्ये म्हनलं, उंच पोरं तिसऱ्या रांगेत लावत्यात. म्हटलं, आपला उंच हाय.”

“उंच हाय? तुमच्यापरीस उंच हाय, एवढंच.”

केरबाने मान खाजवली.

“आन् मी तिसऱ्या रांगेतल्या पोराची दिष्ट काढलो. नारळ फोडलो.”

“मग? फुकट न्हाय गेला. त्यो बी कुनाचा तरी हाय.”

यावर मला हसू आलं आणि मी पाठ करून टीव्हीकडे वळले.

केरबाचा फोन नवा होता, विश्वजितने पहिल्या पगारातून पाठवलेल्या पैशांत घेतलेला. तो माझ्या फोनच्या नेटला जोडायला वेळ लागला, कारण केरबा प्रत्येक वेळी मी सांगायच्या आधीच बोट दाबत होता. “थांबा ओ जरा,” आक्का म्हणे, “बाईंचं ऐका. तुमच्या बोटानंच सगळा घोळ झालाय.” शेवटी फोन तिने स्वतःच्या हातात घेतला आणि माझ्याकडे दिला.

या वेळी मैदान भिंतीवर आलं ते खरं मैदान होतं. ऊन दिसत होतं, बुटांवरची चमक दिसत होती, एका कोपऱ्यात केरबाचा अंगठाही दिसत होता. तुकडी समोरून चालत आली. चेहरे आले आणि गेले. तिसरी रांग आली. केरबाने हात उचलला आणि परत खाली घेतला. मग तुकडी वळली, आणि पुढे नुसत्या पाठी दिसू लागल्या, ओळीने चालल्या होत्या.

“थांबवा.”

मी थांबवलं. ती उठून टीव्हीजवळ गेली आणि शेवटच्या रांगेतल्या उजव्या टोकाच्या मुलाच्या मानेवर बोट टेकवलं.

“ह्यो.”

“पाठमोरा हाय की,” केरबा म्हणाला. “कशावरनं?”

“बारावी हुईपतूर रोज सकाळी सायकलीला किटल्या लावून गल्लीच्या टोकाला जायाचा. मी गोठ्याच्या दारातनं बघत हुतो. तोंड कवा बघिटलं त्याचं? येक तर हातरुनात, न्हायतर ताटात. मागनंच बघिटलं.”

“त्यो न्हवं. त्याची मान जाड हाय.”

“तितं पोटाला घालत्यात चांगलं.”

“आगं, आपल्या विश्वाचं कान—”

“बाई, तुमी चालू करा.”

मी चालू केलं. पाठी आणखी लांब गेल्या. मग कुठूनतरी हुकूम ऐकू आला, बुटांचा एकच आवाज झाला, आणि सगळी तुकडी जागच्या जागी उलटी फिरली. मी न सांगता थांबवलं.

उजव्या टोकाचा मुलगा विश्वजित होता. हा मुलगा दहावीच्या पेढ्यांचं पुडकं घेऊन माझ्या दारात उभा राहिला होता, मीही त्याला ओळखलं. टोपी भुवयांपर्यंत, नजर समोर, आणि खालचा ओठ दातांत घट्ट धरलेला.

“हाय की,” केरबा म्हणाला. मग परत, हळू, “हाय की गं.”

आक्काने पडद्यावरच्या तोंडावरून हात फिरवला, दोन्ही हातांची बोटं कानशिलावर नेऊन मोडली. ती कडाकड मोडली. केरबाने पांढऱ्या चादरीचा विचार सोडला आणि पलंगावर बसला. मग तेवढंच, वळण्यापासून थांबण्यापर्यंतचं, आम्ही किती वेळा पाहिलं ते मी मोजलं नाही. केरबाने मला विचारलं, “ह्ये मागं-म्होरं कसं करायचं?” आणि नंतर तोच करत बसला. किटल्यांतलं दूध नासेल हे दोघांपैकी कुणाला आठवलं नाही. ते मी आठवण करून दिली.

निघायच्या आधी फोन वाजला. विश्वजितचाच. तो गाडीत होता, मागे चहावाल्यांचा गलका. केरबाने आवाज मोठा केला.

“आई, सकाळी पोचतोय. तांबडा रस्सा कर.”

“करतो. विश्वा, पाठीमागं फिरताना व्हट चावू नगं. साहेब बघतोय.”



“तुला कुनी सांगिटलं?”

“सांगतंय कोन. बघिटलं. शेवटच्या रांगंत, उजव्या टोकाला.”

“आई, त्यावरनं परेड शिकवनाऱ्या उस्तादांनी मला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्यात.”

“मग सोड त्ये.”

“सोडतो.” मग तो म्हणाला, “म्हंजे खरंच दिसलो व्हय मी. मला वाटलं, बाबांनी भलत्याच पोराला दावलं आसंल.”

केरबा दाराबाहेरच्या आपल्या चपलांकडे बघत होता. आक्काने त्याच्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाली, “बाबांनीच दावलं. त्यांच्याच फोनात हाय.”

मग दोघं किटल्या उचलून गेले. या वेळी लिफ्टने. खाली मोनाने अर्धा लिटर स्वतःसाठी मागून घेतलं, असं तिनेच मला संध्याकाळी सांगितलं.

त्या रात्री मी डायरीत लिहिलं:

शुक्रवार, ५ डिसेंबर. छाती ठीक. स्वयंपाकघराचं औषध झालं, कपाटं उद्या आत घेतील. केरबा व आक्का सकाळी बराच वेळ होते. टीव्हीच्या काचेवर हाताचे तुपकट डाग पडले होते. कोरड्या फडक्याने जाईनात. साबणाच्या पाण्याने पुसले.